पाना वाजवून येणारे नाना

उखर्डूनाना कुठेही शिरण्याआधी आवाज करत. संध्याकाळी घरी आले की अंगणाच्या कडेला निंबाखाली थांबत आणि दोनदा खोकत. खोकला खरा नसे. घशात काही नसताना काढलेला तो कोरडा, सभ्य आवाज होता. मग चपला काढायला उगाच वेळ लावत आणि मान खाली घालून घरात येत. तेवढ्यात त्यांच्या धाकट्या भावाची, प्रेमराजची बायको सुलक्षणा हातातलं ठेवून पदर डोक्यावरून कपाळापर्यंत ओढून घेई. नाना तिचे जेठ, नवऱ्याचे थोरले भाऊ. जेठासमोर उघड्या डोक्यानं राहायचं नाही, त्यांच्याशी बोलायचं नाही आणि जेठानंही तिच्याकडे पाहायचं नाही, अशी त्या घरची रीत होती. सुलक्षणा लग्न होऊन आली त्याला चौदा वर्षं झाली होती. एका चुलीवरचं खाऊनही त्या दोघांत एका शब्दाचीही देवाणघेवाण झालेली नव्हती. काही सांगायचंच झालं तर नाना आपल्या बायकोला, भिकुबाईला सांगत, "तिले सांग, माले अर्धीच भाकर दे." ती समोरच तव्यापाशी बसलेली असे.

जिनमध्ये मात्र खोकून भागत नसे. शिरपूरच्या बाहेर केवलचंद शेठांची कापसाची जिन, म्हणजे सरकी काढायची गिरणी, होती आणि नाना तिथे तीस वर्षांपासून फिटर होते. दसऱ्यानंतर हंगाम सुरू झाला की शेडमध्ये दोन्ही बाजूंनी यंत्रं धडधडत, हवेत कापसाचे तंतू तरंगत, आणि माणसाला स्वतःचाही आवाज ऐकू येत नसे. नऊ वर्षांपूर्वी सुलक्षणा तिथे कामाला लागली. कापसातला काडीकचरा वेचायचा, यंत्राच्या तोंडाशी अडकलेला कापूस मोकळा करायचा, असं ते बायकांचं काम. ती लागली त्या दिवसापासून नाना शेडच्या दारात थांबून हातातला लोखंडी पाना दाराच्या खांबावर दोनदा वाजवू लागले. ठण, ठण. तो आवाज यंत्रांच्या घरघरीतून सुईसारखा आरपार जाई. मग नाना जमिनीकडे बघत आत शिरत, आणि ज्या यंत्राची तक्रार असेल तिथे पोहोचेपर्यंत मान वर करत नसत.

सगळ्या जिनमध्ये नानांना मान होता तो त्यांच्या कानामुळे. यंत्र खडखडायला लागलं की ते पेचकसाचं टोक लोखंडाला टेकवत, मूठ कानाला लावत आणि डोळे मिटत. इथं नाही, तिथं नाही, असं करत एका जागी थांबत. तिथंच दोष निघे. दोष एका जागी असतो, फक्त ती जागा सापडावी लागते, हे त्यांना तीस वर्षांनी शिकवलं होतं.

त्यांचं उखर्डू हे नावसुद्धा जीव सांभाळण्यासाठी ठेवलेलं. त्यांच्याआधीची दोन मुलं गेली होती. म्हणून हे जन्मले तेव्हा आईनं त्यांना घटकाभर उकिरड्यावर ठेवलं आणि शेजारणीनं उचलून आणलं. टाकलेल्या पोराकडे मरण कशाला बघेल, असा हिशेब. नाना हसत सांगत, "मनी जाळी जलमतांच बसाडी दिन्ही." यंत्राच्या फिरत्या पट्ट्यावर माणसाचा हात जाऊ नये म्हणून लोखंडी जाळी बसवतात, ती जाळी.

पौषातल्या एका मंगळवारी, सकाळी अकराच्या सुमारास, नाना चौथ्या यंत्राला तेल द्यायला निघाले. दारात पाना वाजवला. दोन पावलं आत टाकली असतील नसतील, तेवढ्यात बायकांची किंकाळी उठली. मान वर केली तेव्हा सुलक्षणा पट्ट्याकडे ओढली जात होती. पदराचं टोक आत गेलं होतं आणि तिनं पदर सोडवायला घातलेला हात त्याच्यामागे गेला होता. नाना लाल बटणाकडे धावले. बटणाच्या पेटीवर बायकांनी डब्यांच्या पिशव्या अडकवलेल्या होत्या. त्या दूर करायला जेवढा वेळ लागला, तेवढा लागला.

सुलक्षणा वाचली. उजव्या हाताची दोन बोटं गेली आणि मनगट कायमचं आखडलं.

धुळ्याच्या दवाखान्यात ती असताना, हे कशामुळे झालं याबद्दल प्रत्येकाकडे काही ना काही होतं. प्रेमराज म्हणाला, जिनवाल्यांनी केलं, जाळी सैल होती. ते खरंच होतं. शनिवारी पट्टा बदलताना नानांनीच जाळी काढली होती आणि परत बसवताना चारपैकी दोनच बोल्ट लागले, कारण उरलेल्या दोन बोल्टांचे आटे झिजले होते. सामानाच्या खोलीवरच्या लोटननं सांगितलं होतं, "बोल्ट येनार शेतस, नाना. आते तसाच चालू द्या." भिकुबाई म्हणाली, श्रावणात घरी सुतक होतं म्हणून कानबाई बसवली नाही, तिच्या नैवेद्याचे रोट झाले नाहीत. देवी वर्षभर वाट पाहते, तिनंही किती पाहावी? आणि कॉटवर पडलेली सुलक्षणा, नाना पडद्यापलीकडे बाकावर बसलेत हे तिला ठाऊक असताना, भिकुबाईला हळू आवाजात म्हणाली, "मनीच चूक शे, अक्का. मीच पदर वढा."

नाना बाकावरून उठले आणि दवाखान्याच्या पायऱ्यांवर जाऊन बसले. एक तासभर ते तिथे बसले असतील. मनातल्या मनात ते पेचकसाची मूठ कानाला लावून फिरत होते. बोल्टला लावली, तिथे आवाज होता. पिशव्यांना लावली, तिथे होता. कानबाईला लावायला भीती वाटली. पदराला लावली, तिथेही होता. असं यंत्र त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं.

चौथ्या दिवशी शेठांच्या नातवानं, अर्पितनं, त्यांना ऑफिसात बोलावलं. अर्पित पुण्याला शिकून आलेला, नम्र मुलगा. नानांना तो लहानपणापासून नानाच म्हणत असे. त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं आणि एक टाइप केलेला कागद पुढे ठेवला.

"नाना, सोमवारी सरकारकडून तपासणीला मॅडम येणार आहेत. तुम्ही समोर होतात, म्हणून तुमची सही लागेल. वाचून घ्या."

नानांनी वाचलं. कामगाराला एप्रन दिला होता. पदर आत खोचण्याची सूचना भिंतीवर लावली होती. कामगारानं चालू यंत्राजवळ पदर बाहेर काढला. अपघाताचं कारण: कामगाराचा निष्काळजीपणा.

"हे लिहिलं तर तिचं काय होईल?" नानांनी विचारलं.

अर्पितनं लपवलं नाही. "तिला यंत्रांवर परत घेता येणार नाही. भरपाईचं मग कठीण होईल. पण नाना, ती स्वतः दवाखान्यात म्हणाली की चूक माझी. मी यात एक ओळ खोटी लिहिलेली नाही."

"खोटं नहीं शे," नाना म्हणाले. "पण मी पाना वाजाडा ते याच्यात कुठे शे?"

अर्पित गोंधळला. "पाना वाजवणं ही काय चूक आहे?"

"नहीं."

"मग?"

"मग पदर वढनं चूक शे का?"

अर्पितनं कागद थोडा पुढे सरकवला. आपण हे का विचारलं, हे नानांना नीट कळलं नव्हतं. कागद त्यांनी दोनदा घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, "सोमवारी देस."

ते तीन दिवस नानांना फार जड गेले. घरी येताना ते निंबाखाली थांबत आणि खोकावं की खोकू नये हे त्यांना कळत नसे. घरात सुलक्षणा नव्हती, तरी घसा आपोआप तयार होई. सही केली तर तिची चूक कायमची कागदावर जाणार. नाही केली, तर काय सांगणार? की मी दार वाजवलं? दार वाजवून आत येणाऱ्या माणसाला आजवर कोणी दोष दिला आहे? न वाजवता आत शिरला असता तर लोकांनी त्याला नावं ठेवली असती, आणि ते बरोबरच झालं असतं. खिशातला कागद त्यांनी इतक्या वेळा चाचपला की त्याची घडी मऊ पडली.

सोमवारी तपासणीसाठी आलेल्या बाई अगदी तरुण होत्या. विधी नाव. जळगावच्या राहणाऱ्या, पायात कापडी बूट, खांद्याला पिशवी. त्यांनी जाळी पाहिली, बोल्ट पाहिले, भिंतीवरची सूचना वाचली. मग म्हणाल्या, "यंत्रं बंद करा. त्या दिवशी जो जिथे होता, त्यानं तिथे उभं राहायचं आणि जे केलं तेच करायचं. मी सुलक्षणाताईंच्या जागी उभी राहते."

"नाटकच बसाडं म्हना," चिंधाबाई म्हणाली. ती तिथली सगळ्यांत जुनी कामकरीण, नानांपेक्षाही वयानं मोठी. "मना हातमा त्या दिन काडी व्हती, बाई. काडी द्या मंग."

बायका हसल्या. कोणीतरी तिला खरंच काडी दिली.

यंत्रं थांबली. ती शेड हंगामात इतकी शांत कोणी पाहिली नव्हती. पत्र्यावर चिमण्यांची नखं वाजत होती तीही ऐकू येत होती. नाना दाराबाहेर उभे होते. "या, नाना," आतून बाई म्हणाल्या. नानांनी पाना उचलला आणि खांबावर वाजवला. ठण, ठण. शांततेत तो आवाज त्यांना परक्याचा वाटला. सवयीनं मान खाली गेली.

"नाना, खाली नका बघू. समोर बघा."

परक्या बाईचं ऐकावं की नाही, या विचारात एक क्षण गेला. मग त्यांनी मान वर केली.

अकरा बायकांचे अकरा हात वर गेले होते. कोणी एप्रनच्या गळ्यातून पदर उपसत होती, कोणी तो डोक्यावर ओढत होती, एकीनं वळून यंत्राकडे पाठ केली होती. ज्यांचं त्यांच्याशी काही नातं नव्हतं, त्यांचेही हात वर होते. चिंधाबाईचासुद्धा हात, काडीसकट, कानापर्यंत पोहोचला होता. ती ओशाळं हसली. "हात आपलाच जास, नाना. आम्ही काय करो?"

नऊ वर्षं रोज चार-पाच वेळा त्यांनी तो पाना वाजवला होता, आणि त्यानं आत काय होतं हे त्यांनी एकदाही पाहिलेलं नव्हतं. पाहायचं नाही, यासाठीच तर वाजवला होता.

"हे रोज होतं?" विधीबाईंनी विचारलं.

"रोज म्हनजे," चिंधाबाई म्हणाली, "नाना रोज येतस, तर रोजच."

अर्पित दाराजवळ मोबाइल हातात घेऊन उभा होता. त्यानं मोबाइल खिशात घातला. त्याच्या घरी, आजोबांच्या काठीचा आवाज जिन्यावर आला की त्याची आई चालत्या मिक्सरपासून वळे आणि साडीचा पदर तोंडावर घेई. ते त्यानं जन्मापासून पाहिलं होतं. तो जमिनीकडे पाहू लागला.

नाना तिथेच कापसाच्या ढिगाच्या कडेला बसले. खिशातून घडी केलेला कागद काढून त्यांनी बाईंपुढे धरला. "यावर मी सही करत नहीं. तुम्हीच लिहा. लिहा की पाना उखर्डूनं वाजाडा."

बाईंनी त्यांच्याजवळच मांडी घातली आणि लिहायला घेतलं. त्यांच्या फॉर्मवर 'कारण' या शब्दापुढे एकच ओळ होती. त्यांनी ती कोरी ठेवली आणि वेगळा कागद जोडला. झिजलेले बोल्ट. लोटनचं येतील म्हणणं. पेटीवरच्या पिशव्या. एप्रन, जो साडीवर कसा घालायचा याचा विचार कोणी केलेला नव्हता. आणि पाना, आणि त्यावर वर जाणारे हात. मग त्यांनी सगळं वाचून दाखवलं.

नानांनी लक्ष देऊन ऐकलं. "यामधलं कोणतं, मॅडम?"

"बठ्ठं, नाना. सगळंच," बाई म्हणाल्या. खान्देशी त्यांना बहुधा एवढीच येत होती.

"बठ्ठं म्हनजे कोनतंच नहीं," नाना म्हणाले. "मशीनमा अशे नहीं व्हत. दोष एका जागी ऱ्हास."

बाईंनी फॉर्मवरच्या कोऱ्या ओळीवर पेन टेकवलं आणि उचललं. मग म्हणाल्या, "निष्काळजीपणा मात्र नाही लिहीत."

"तेवढं बास," नाना म्हणाले. पण बास झालं नव्हतं, हे त्यांच्या तोंडावरून दिसत होतं.

पुढल्या दसऱ्याला सुलक्षणा जिनमध्ये परत आली. आता ती आवारात असे. गाडीभर कापूस आला की त्यात ओल मोजायच्या यंत्राची सळई खुपसून बघायचं, हे काम डाव्या हातानं होत होतं. जाळ्यांना चारही बोल्ट लागले, बटणाची पेटी मोकळी झाली, आणि बायकांना गळाबंद जाकिटं आली, ज्यांतून पदर बाहेर निघतच नसे.

नानांनी पाना वाजवणं बंद केलं. पहिल्याच आठवड्यात ते कसलाही आवाज न करता आत आले आणि एक नवी मुलगी त्यांना अचानक पाठीशी पाहून अशी दचकली की यंत्रावर पडता पडता राहिली. चिंधाबाईनं नानांना चांगलंच सुनावलं. "आधी वाजाडी वाजाडी मारा, आते मुकाट मारा." मग अर्पितनं दारावर एक पिवळा दिवा बसवला. फिटर आत येताना तो लावायचा. ठरलं त्याप्रमाणे नाना दिवा लावत, आणि आता मान वर करून आत पाहत. दिवा लागला की अकरा हात वर जात, जाकिटाच्या गळ्याशी चाचपडत, आणि रिकामे खाली येत. नानांना ते पाहवत नसे, आणि मान खाली घालणंही आता जमत नसे. त्या हंगामाच्या अखेरीस ते कामावरून निवृत्त झाले.

घरीही त्यांची पंचाईत झाली होती. खोकायचं नाही, हे त्यांनी ठरवलं होतं. त्याऐवजी काय करायचं, ते ठरलं नव्हतं. म्हणून ते निंबाखाली नुसते उभे राहत, कोणाची तरी नजर पडेपर्यंत. भिकुबाईला ते दिसले की ती म्हणे, "चोरनागत काबर उभा शेतस? घर कोनं शे हाई?" नाना म्हणत, "येस ना," आणि तरी उभेच.

एका दुपारी भिकुबाई शेजारी गेली होती. सुलक्षणा डाव्या हातात पाण्याची कळशी घेऊन ओट्यावर आली, तो नाना निंबाखाली. डाव्या हातात कळशी. उजवा हात पदरापर्यंत पोहोचत नव्हता. आखडलेलं मनगट तेवढं वर जातच नसे. ती तशीच उभी राहिली. नानाही. मग तिनं कळशी खाली ठेवली, मोकळा झालेला हात पदराकडे नेला आणि मध्येच थांबवला.

"ऊन शे, नाना," ती म्हणाली. "घरमा या."

चौदा आणि दोन, सोळा वर्षांतला तो पहिला शब्द. नाना आत आले आणि खाटेवर बसले. भिकुबाईला कळलं तेव्हा ती दोन दिवस फुगून होती. तिसऱ्या दिवशी तिनंच सुलक्षणेला सांगितलं, "जाय, त्यासले चहा तूच दे." त्यानंतर नाना रोज एखाददुसरं वाक्य तिच्याशी बोलत. बहुतेक वेळा भाकरीचं, कधी पावसाचं. एकदा त्यांनी तिच्या हाताकडे पाहत विचारलं होतं, "तुले काय वाटस, सुलक्षणा? कशामुये व्हयनं?" ती विचार करून म्हणाली होती, "माले रोज वायलं वाटस, नाना. काल एक, आज दुसरं." त्यावर ते बराच वेळ मान हलवत बसले होते, जणू पहिल्यांदाच कोणी त्यांना समजेल असं काही सांगितलं होतं.

चैत्रातल्या एका दुपारी नाना जेवून खाटेवर आडवे झाले आणि झोपेतच गेले. आजारी नव्हते, कसली तक्रार नव्हती. डॉक्टर हृदय म्हणाले. प्रेमराज म्हणाला, तीस वर्षं छातीत कापूस गेला, त्याचं हे. भिकुबाई कानबाईचं नाव घेऊन थांबली, कारण त्या वर्षी रोट झाले होते. मग सगळे सुलक्षणेकडे वळले. शेवटी तीच जवळ होती. नाना जाताना काय म्हणाले, काही सांगितलं का, कोणाचं नाव घेतलं का, असं माणसं पुन्हा पुन्हा विचारू लागली.

तिनं आठवून पाहिलं. ती भांडी घासत होती. निंबावरची एक चिमणी खिडकीतून आत आली होती आणि आढ्याजवळ घिरट्या घालत होती. नानांनी डोळे अर्धे उघडून वर पाहिलं, मग कुशीवर वळले आणि म्हणाले,

"सुलक्षणा, पंखा बंद कर. चिडी घरमा उनी शे."